भूल उतरायच्या आत

गाठ कापून बाहेर काढली की जनावरांच्या डॉक्टरपुढे दोन कामं उरतात, टाके घालणं आणि वाट पाहणं. टाक्यांना अर्धा तास पुरतो. वाट मात्र आठवडाभर, कधी त्याहून जास्त पाहावी लागते. गाठीचा तुकडा फॉर्मालिनच्या बरणीत जातो आणि बरणी पुण्याला, नाहीतर त्याच्याही पुढे जाते. तिथे तो तुकडा मेणात बसवतात, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, ते रंगवतात, आणि मग कुणी तज्ज्ञ ते पाहून कागदावर लिहून देतो की गाठ साधी होती का कर्करोगाची. तोवर इकडे जखम भरत आलेली असते. ‘कडेपर्यंत पेशी पोचल्या आहेत’ असं कागदावर आलं, की त्याच कुत्र्याला पुन्हा उपाशी ठेवायचं, पुन्हा भूल द्यायची आणि नुकतीच भरलेली जागा पुन्हा उघडायची. त्यासाठी मालक परत येईलच याची खात्री नसते. ऊस तुटायला आलेला असतो, लग्न असतं, आणि कुत्रं तर वरकरणी चांगलं हिंडत-फिरत असतं.

या अडचणीतून एक जुनीच वाट निघते. गाठ हातात असतानाच तिचा ताजा काप काचेवर टेकवायचा, काचेला लागलेल्या पेशी रंगवायच्या आणि जनावराची भूल उतरायच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम. शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्याच्या गावी, जिथून मोठी प्रयोगशाळा लांब, तिथे याची गरज शहराहून जास्त आहे. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लागणारं सामान तिथे आहे, हातही बऱ्याच अंशी तयार आहे. फक्त तो हात कुत्र्यासाठी नाही, गाईसाठी तयार झाला.

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. घोडनदी पुढे भीमेलाच मिळते, पण दोन्ही गावांतलं कुत्र्यांचं जग निराळं. शिरूर एके काळी इंग्रजांची छावणी होती. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. आज तालुक्याच्या बागायती भागात ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. मळ्यातल्या वस्तीवर कुत्रं पाळणं ही हौस नसते, तो रात्रीचा पहारा असतो. बिबट्या धरतो तो मानेला, म्हणून कुणी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. 2014 साली तो छापून आला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण मांसात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला. शिरूरच्या मळ्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून नवल वाटणार नाही.

दौंड रेल्वेचं गाव. सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे रूळ इथे फुटतात. रेल्वेच्या चाळी, राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7, पलीकडे कुरकुंभची रासायनिक वसाहत. नोकरदारांच्या घरातली लॅब्राडोर, पॉमेरियन, जर्मन शेफर्ड दवाखान्यात दुचाकीवर मांडीत बसून येतात. शिरूरकडेही रांजणगावची औद्योगिक वसाहत आल्यापासून शिक्रापूरपर्यंत फ्लॅट झाले आणि फ्लॅटमधली कुत्री आली. एकाच दिवशी एकाच टेबलावर आधी ‘ब्रूनो’ आणि मग वस्तीवरचा ‘वाघ्या’ असं आता चालतं.

गाठी वाढल्यात असं लोक म्हणतात, आणि खतांना, औषधांना, पाण्याला दोष देतात. तो दोष असेलही. पण एक सरळ कारण त्याआधी पाहायला हवं. गाठ हा बहुतेक वेळा म्हातारपणाचा आजार आहे, आणि वस्तीवरचं कुत्रं पूर्वी म्हातारं होतच नव्हतं. डिस्टेंपर, पार्व्हो, रस्त्यावरची गाडी, बिबट्या, यांतून सुटून दहा वर्षं गाठणारं कुत्रं विरळा. आता लस टोचली जाते, घरातलंच उरलंसुरलं असलं तरी खायला वेळेवर मिळतं, आणि कुत्रं दहा-बारा वर्षांचं होतं. तेव्हा कुठे पोटाखाली हाताला काहीतरी लागतं.

बहुतेक वेळा ती कुत्री असते, तिचं गर्भाशय काढलेलं नसतं आणि गाठ आचळांच्या रांगेत असते. कुत्रीला साधारण आचळांच्या पाच जोड्या. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त. कुत्रीच्या अशा गाठींपैकी ढोबळ मानानं निम्म्या साध्या आणि निम्म्या कर्करोगाच्या निघतात. मांजरीत मात्र दहातल्या आठाहून जास्त वाईट असतात, म्हणून मांजरीच्या आचळातल्या गाठीला ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणं परवडत नाही. मालक सहसा गाठ लिंबाएवढी झाल्यावर आणतो. कधी ती फुटून त्यात किडे पडल्यावर. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, “डॉक्टर, साधी का कसली?”

टेबलाशी उभ्या डॉक्टरचा प्रश्न वेगळा असतो. त्याला नावापेक्षा हाताची पुढची हालचाल हवी असते. गाठीभोवती बोटभर कातडी सोडून कापू की अर्धी वीत? खालचा स्नायूचा पडदा काढू की ठेवू? जांघेतली लसीका ग्रंथी सुजलेली लागतेय, ती नुसती जखमेमुळे सुजलीय की तिच्यात गाठीच्या पेशी उतरल्यात? का थांबूच, कारण हा रोग सुरीनं जाणारा नाही? शस्त्रक्रिया चालू असताना काढलेला पेशींचा नमुना या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाला तो कधी पक्कं उत्तर देतो, कधी अर्धं, कधी काहीच नाही. हा फरक ज्याला कळला त्याच्या हाती ही पद्धत उपयोगाची. न कळलेल्याच्या हाती धोक्याची.

करायचं कसं, ते जरा तपशिलानं सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

गाठ निघाली की नव्या पात्यानं ती मधोमध चिरायची. कापलेल्या तोंडावर रक्त आणि पाणी असतं. ते टिपकागदावर किंवा कोरड्या गॉजवर पुन्हा पुन्हा टेकवून, पृष्ठभाग किंचित चिकट लागेपर्यंत टिपून घ्यायचं. इथे घाई केली की काचेवर नुसतं रक्त येतं. मग स्वच्छ काचेवर तो तुकडा दोन-तीन जागी हलकेच टेकवून उचलायचा. घासायचा नाही, दाबायचा नाही. पेशींची कवचं फुटली की केंद्रकांचे जांभळे फराटे तेवढे उरतात. काही गाठी, विशेषतः तंतुमय, कडक मांसगाठी, अशा नुसत्या टेकवून पेशी देत नाहीत. तिथे पात्याच्या धारेनं खरवडून तो अंश काचेवर पसरायचा. एकच काच करून भागत नाही, चार-पाच कराव्यात आणि दोन न रंगवता राखून ठेवाव्यात.

काच हवेवर झटकन वाळली पाहिजे. पावसाळ्यात ती वाळत नाही, पेशी आक्रसतात, म्हणून पंख्याखाली धरावी लागते. आणि फॉर्मालिनची बरणी त्या खोलीत उघडी नको. फॉर्मालिनची नुसती वाफ लागली तरी न रंगवलेल्या काचा बिघडतात, पेशी निळ्या-हिरव्या, धुरकट दिसू लागतात. पुण्याला काचा आणि बरणी एकाच पिशवीत बांधून पाठवणं हा सर्रास होणारा प्रकार, आणि त्यात काचांचं मातेरं होतं. हातमोज्यांची पावडर आणि सोनोग्राफीची जेल यांचे कणही काचेवर येतात आणि नवख्याला भलतंच काहीतरी सापडल्यासारखं वाटतं.

रंग कोणता? तालुक्याच्या दवाखान्यात लिशमनची बाटली असतेच. लिशमन रंगात मिथेनॉल असतं, त्यामुळे पेशी पक्क्या बसवण्याचं आणि रंगवण्याचं काम एकातच होतं. मिनिट-दोन मिनिटं रंग, मग दुप्पट बफरचं पाणी घालून सात ते दहा मिनिटं, मग धुणं. याहून घाई असेल तर फील्डचा रंग किंवा तीन कुप्यांचे झटपट रंग मिळतात, ते मिनिटाभरात होतात. पण झटपट रंगात एक खोट आहे. मास्ट पेशींच्या गाठीत ज्या जांभळ्या कणांवरून निदान व्हायचं, ते कण त्यात कधी कधी रंगतच नाहीत. अशा वेळी सावकाश चालणारा लिशमनच बरा.

मास्ट पेशींची गाठ हे या पद्धतीचं सर्वांत देखणं उदाहरण. कुत्र्याच्या कातडीवर ती फोडासारखी, चामखिळीसारखी, कशीही दिसू शकते. बोटांत चोळली तर सुजते आणि लाल होते, कारण तिच्या पेशींतून हिस्टामिन सुटतं. वरून पाहून तिला साधी समजून कडेनं कोरून काढलं तर ती हमखास परत येते. काचेवर मात्र गोल पेशी, त्यांच्यात खच्चून भरलेले जांभळे कण आणि आसपास इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसल्या की वादच मिटतो. सर्जन तिथल्या तिथे दोन-तीन सेंटिमीटर कड धरून आणि खालचा एक पडदा घेऊन कापतो. हाच निर्णय पंधरा दिवसांनी घ्यायचा तर दुसरी शस्त्रक्रिया आली.

याच्या उलट टोकाला चरबीचं आवाळू. म्हाताऱ्या, सुटलेल्या लॅब्राडोरच्या बरगड्यांवर ते हमखास असतं. काच तेलकट राहते, वाळत नाही, आणि मिथेनॉलमध्ये बुडवली की वरचं बरंचसं धुऊन जातं. हे आवाळू असं कळलं की सर्जन मोठी कड न घेता ते मोकळं करून काढतो आणि कुत्र्याची वीतभर कातडी वाचते. खरं तर हे दोन्ही निकाल टेबलावर चढवण्याआधीच, बारीक सुई गाठीत घालून काढलेल्या नमुन्यातून मिळू शकतात, आणि मिळवावेत. शस्त्रक्रियेतला नमुना त्या सुईची जागा घेण्यासाठी नाही. सुईला जे हुकलं, किंवा पोट उघडल्यावर जे नव्यानं दिसलं, त्याच्यासाठी तो आहे.

पण एक गाठ अशी आहे की जिच्यावर काच पाहिल्याशिवाय सुरी चालवूच नये, असं मी म्हणेन. कुत्रीच्या योनीमार्गात किंवा कुत्र्याच्या लिंगावर येणारी, हाताला लागताच रक्त गळणारी ठिसूळ गाठ. दवाखान्यात तिला टीव्हीटी म्हणतात. मालकाला वाटतं, कुत्री माजावर आहे. महिना झाला तरी रक्त थांबत नाही तेव्हा तो येतो. ती मिलनातून पसरते, आणि हुंगण्या-चाटण्यातून नाकातही जाते. इथे रोगाचा जंतू वगैरे काही नाही. गाठीची पेशीच एका कुत्र्यातून उठून दुसऱ्यात रुजते. 1876 साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्यानं ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साधारण साठच. जगातल्या 43 देशांतल्या 546 गाठींचा जनुकीय अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं ते असं की या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या शरीरातून आल्या आहेत, आणि ते कुत्रं चार हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी, बहुधा आशियात, होऊन गेलं. म्हणजे दौंडच्या यार्डात रक्त गळत हिंडणाऱ्या कुत्रीच्या अंगावर त्या प्राचीन कुत्र्याच्या पेशी आजही जिवंत आहेत. कर्करोगावर मी पुष्कळ वाचलं, याहून अचंबा वाटावा असं फार थोडं सापडलं.

काचेवर ती ओळखायला सोपी. सुट्या सुट्या गोल पेशी, फिकट निळसर अंग आणि त्यात ओळीनं लहान स्वच्छ पोकळ्या. हे दिसलं की डॉक्टर सुरी खाली ठेवू शकतो. या गाठीला बहुतेक वेळा कापायची गरजच नसते. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिंक्रिस्टिनची चार ते सहा इंजेक्शनं शिरेतून दिली की बहुतेक कुत्र्यांत ती विरून जाते. व्हिंक्रिस्टिन निघतं सदाफुलीपासून, मळ्यातल्या प्रत्येक तुळशीवृंदावनाशेजारी उगवणाऱ्या त्याच झाडापासून. पण म्हणून कुणी सदाफुलीचा रस पाजू नये. झाडात ते अत्यल्प असतं, आणि शुद्ध औषध तर शिरेबाहेर एक थेंब गेलं तरी तिथलं मांस सडतं. देणाऱ्यानं हातमोजे घालावेत, दर खेपेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या टेबलावर ही गाठ अचानक समोर येते. तिथे पाच मिनिटांची काच त्या जनावराचं पुढचं सगळं बदलून टाकते.

शस्त्रक्रिया चालू असताना उत्तर मिळवण्याची धडपड माणसांच्या दवाखान्यात सुरू झाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सर्जनांनी तक्रार केली की रोगी टेबलावर असतानाच गाठ कसली ते सांगा, नंतर सांगून काय उपयोग. 1905 साली तिथल्या लुई विल्सन यांनी तुकडा गोठवून, पातळ काप काढून, रंगवून काही मिनिटांत निदान देण्याची रीत बसवली. आजही मोठ्या रुग्णालयांत ‘फ्रोझन’ म्हणतात ती हीच. तिला गोठवून काप काढणारं महागडं यंत्र आणि सरावलेला तंत्रज्ञ लागतो. 1927 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या लिओनार्ड डजन आणि पॅट्रिक यांनी त्याहून साधं दाखवून दिलं: कापच नकोत, ताज्या गाठीवरच्या पेशी काचेवर घ्या आणि तिथेच पाहा. शिरूरच्या दवाखान्याला लंडनची ही रीत परवडते, मेयोची नाही.

रंगाची गोष्ट तर घरचीच म्हणायची. विल्यम लिशमन हे इंग्रज फौजेतले डॉक्टर. हिंदुस्थानात सात वर्षं नोकरी करून गेले आणि 1901 साली त्यांनी हा रंग जाहीर केला, तो हिवतापाचे जंतू पाहण्यासाठी. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती तो आला तो गोचीड तापासाठी. आपल्याकडची गाठींची विद्या आणि जनावरांची विद्या मुंबईत अगदी शेजारी वाढल्या, हेही इथे नोंदवायला हवं. परळला 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयालगत. त्याच परळमध्ये 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली, ज्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. माणसाच्या आणि कुत्र्याच्या गाठी एकाच पेठेत तपासल्या जात होत्या. त्यांच्यात देवघेव किती झाली, हा एखाद्या प्रबंधाचा विषय आहे.

आता गाईकडे येतो. पुणे-दौंड लोहमार्गावर उरुळी कांचन लागतं. तिथे मणिभाई देसाई यांनी 1967 साली ‘बाएफ’ संस्था सुरू केली, आणि संकरित गाईंचं लोण आसपासच्या तालुक्यांत पसरलं. होल्स्टीन आणि जर्सीच्या रक्ताची गाय दूध भरपूर देते, पण गोचिडांतून येणाऱ्या थायलेरिया रोगाला, म्हणजेच गोचीड तापाला, ती देशी गाईपेक्षा लवकर बळी पडते. अंगात 105-106 अंश ताप, खांद्यापुढची ग्रंथी सुजून हाताला येते, दूध आटतं. दूधवाल्याच्या घरातली ही आणीबाणीच. डॉक्टर गोठ्यात जातो, त्या सुजलेल्या ग्रंथीत सुई घालतो, आलेला थेंब काचेवर पसरतो, लिशमन किंवा गिम्सानं रंगवतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत निळे-जांभळे पुंजके शोधतो. ते दिसले की बुपारव्हाक्वोन द्यायचं.

कुत्र्याच्या जांघेतल्या ग्रंथीतून पेशी काढणं यापेक्षा फार वेगळं नाही. तीच सुई, तीच काच, तीच बाटली, तोच सूक्ष्मदर्शक. गोचीड तापासाठी घेतलेला दुहेरी नळीचा साधा सूक्ष्मदर्शक एका चांगल्या संकरित गाईच्या किमतीहून कमीत येतो, आणि दुधाच्या पट्ट्यातल्या अनेक खाजगी डॉक्टरांनी तो केव्हाच घेतलेला आहे. लसीका ग्रंथी नेहमीची कशी दिसते हे डोळ्याला आधीच ठाऊक असल्यानं तिच्यात उपरी, मोठाली, एकमेकांना चिकटलेली आचळाच्या गाठीची पेशी आली तर ती खटकते. मोठ्या जनावरांचा डॉक्टर कुत्र्याच्या बाबतीत स्वतःला कच्चा समजतो. काचेच्या बाबतीत तो शहरातल्या नुसत्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरहून पक्का असू शकतो.

बैलाचंही एक सांगायला हवं. शिंगाचा कर्करोग हा प्रामुख्यानं आपल्याच देशातल्या वशिंडाच्या जनावरांचा रोग, त्यातही खच्ची केलेल्या बैलांचा. बैल मान झटकतो, शिंग दावणीला घासतो, मग शिंग मुळाशी मऊ होऊन कलतं, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं. जूची घासण, पोळ्याला लावायचे रंग, ऊन, खच्चीकरणानं बदललेले हार्मोन, अशी कारणं शंभर वर्षं सुचवली जात आहेत. शिंग मुळातून काढताना कपाळाच्या पोकळीत रोग उतरलाय का, हे कळणं फार मोलाचं. तिथल्या अस्तराचा ठसा काचेवर घेतला आणि त्यात निळसर, केराटिन भरलेल्या विद्रूप पेशी आल्या, तर आणखी किती खरवडायचं ते ठरतं. ट्रॅक्टर आल्यावर बैलच कमी झाले. बैलगाडा शर्यतीला 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर शिरूर, खेड, आंबेगावच्या गोठ्यांत लाखमोलाचे बैल पुन्हा दिसू लागले. अशा बैलाच्या शिंगासाठी मालक रात्री दोनलाही डॉक्टर उठवतो. त्याच गोठ्याच्या दारातल्या कुत्रीची गाठ मात्र दिवाळीपर्यंत थांबते.

एवढं गुणगान केल्यावर काच कुठे खोटी पडते तेही सांगितलं पाहिजे, आणि नेमकं आचळांच्या गाठीतच ती अपुरी पडते. कणगीतली ज्वारी ओंजळीत घेऊन पाहिली तर दाणा कसा ते कळतं, पण ते पीक कुणाच्या बांधापलीकडे घुसलं होतं का, ते ओंजळीतून कळत नाही. आचळाच्या बऱ्याच गाठींत साधं आणि वाईट यांतला फरक दाण्यात नसतो, बांध ओलांडण्यात असतो. पेशी अगदी सौम्य दिसतात आणि तरी शेजारच्या ऊतीत, रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात. एकाच गाठीत हाड, कूर्चा, ग्रंथी असं सगळं मिसळलेलंही असतं. इथे टेबलावर ‘साधी आहे’ असं सांगणाऱ्या डॉक्टरपासून जपून राहावं. काचेनं फार तर वाईट असल्याचा इशारा द्यावा आणि ग्रंथीपर्यंत पोचलं का ते सांगावं. बाकी बरणी पुण्याला जाऊ द्यावी.

किडे पडलेली, पिकलेली गाठ हे दुसरं संकट. दाहामुळे चांगल्या पेशीही मोठ्या होतात, केंद्रकं फुगतात, आणि कर्करोगाचं सोंग आणतात. प्लीहेवरची रक्ताळ गाठ हे तिसरं. तिच्या पेशी काचेवर येतच नाहीत, नुसतं रक्त येतं, आणि ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतला जातो.

आणि एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते. पोट उघडलं, प्लीहेवर गाठ, यकृतावर दाणे दिसले. मालक बाहेर बाकावर. डॉक्टरनं काच पाहिली आणि बाहेर येऊन म्हटलं, पसरलंय, भुलेतच जाऊ द्या. म्हाताऱ्या कुत्र्याच्या यकृतावर निरुपद्रवी गाठी सर्रास असतात. त्या कर्करोगासारख्याच दिसतात. घाईत रंगवलेल्या एका काचेवर जीव घेण्याचा निर्णय होऊ नये. प्लीहा काढून, यकृताचा तुकडा बरणीत टाकून, पोट शिवून कुत्रं घरी पाठवता येतं. आठ दिवसांनी कागद वाईट आला तर तेव्हा मालक घरच्यांशी बोलून ठरवील.

म्हणून मालकाशी बोलणं टेबलाआधी व्हायला हवं. गाठ अशी निघाली तर एवढंच काढीन, तशी निघाली तर अख्खी रांग काढीन, अमुक निघाली तर काहीच न कापता शिवीन आणि इंजेक्शनं देईन. पैसे प्रत्येक वेळी एवढे, आणि या पंधरा मिनिटांसाठी भूल थोडी लांबेल. हे सगळं आधी सांगून सही घेतलेली असली की भुलेतल्या जनावराला तसंच ठेवून बाहेर घासाघीस करावी लागत नाही. एकाच माणसानं कापायचं, रंगवायचं आणि पाहायचं हेही ठीक नाही. हातमोजे काढून सूक्ष्मदर्शकावर बसलेला सर्जन इकडे भुलेकडे पाहत नसतो. निदान दुसरा कुणीतरी हवा. मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या भिंगावर धरून काढलेला फोटो आता शिरवळच्या किंवा परळच्या महाविद्यालयातल्या ओळखीच्या शिक्षकाला क्षणात जातो, आणि तरुण डॉक्टर तसं करतातही. फक्त ज्याला ‘दिसलं’ तेवढाच कोपरा फोटोत जातो, न दिसलेला जात नाही, हे दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवावं.

आचळाच्या गाठी मुळात होऊच नयेत म्हणून अंडाशय आणि गर्भाशय लवकर काढण्याचा सल्लाही याच संदर्भात निघतो. 1969 साली कॅलिफोर्नियात झालेल्या अभ्यासात, पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला आचळाच्या गाठीचा धोका न झालेलीच्या अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन माजांनंतर 26 टक्के उरतो असं आलं. पुढच्या समीक्षकांनी या पुराव्याच्या पक्केपणावर शंका घेतल्या आहेत, आणि थोराड जातींत फार लवकर ऑपरेशन नको असंही आता म्हणतात. तरी वस्तीवरच्या कुत्रीला पिल्लं नकोतच असतील तर दोन-तीन माज वाट पाहण्यात काही शहाणपण नाही.

दवाखाना निवडताना मालकानं एक गोष्ट मागून पाहावी. टेबलावर काच पाहणाऱ्या डॉक्टरकडे वही असायला हवी: एका बाजूला त्यानं त्या वेळी काचेवरून काय ठरवलं, दुसऱ्या बाजूला पंधरा दिवसांनी बरणीचा कागद काय म्हणाला. जिथे दोन्ही जुळले नाहीत तिथे लाल खूण, आणि ती काच जपून ठेवलेली. डोळा असाच तयार होतो, दुसरा मार्ग नाही. अशी वही ज्याच्याकडे आहे त्यानं ‘काच बघून ग्रंथी पण काढली’ म्हटलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवीन. वही नसेल, बरणी पाठवायचा खर्चही वाचवू म्हणत असेल, तर त्याला माझ्या कुत्रीची गाठ काढू देईन. आचळांची अख्खी रांग नाही.